प्रभुभोजनाचे रेडिमेड कप (१०० चा बॉक्स) : दोन स्टार देतोय, कारण खाली वाचा

आधीच सांगतो, ऑर्डर मीच दिलेली, त्यामुळे शिव्या घालायचा पहिला हक्क पण माझाच.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी (म्हणजे चर्च) गोव्यात वास्कोला भाड्याच्या हॉलमध्ये भरते, साठ-पासष्ट माणसं, कोण शिपयार्डात, कोण पोर्टात, कोण रेल्वेत, मूळचे सगळे कोल्हापूर मिरज नगरकडचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. आधी काचेचे छोटे पेले होते, ते धुवायचे कुणी यावरून दर महिन्याला बायकांमध्ये धुसफूस, शिवाय दुपारी बारानंतर हॉल दुसऱ्यांना दिलेला असतो म्हणून घाई. मी खजिनदार, पंच कमिटीत म्हटलं ऑनलाइन रेडिमेड कप मिळतात, मागवू या. सगळे हो म्हणाले. ब्रँडचं नाव लिहीत नाही, सगळे सारखेच दिसतात.

वस्तू अशी आहे की बोटाच्या दोन पेरांएवढा प्लास्टिकचा कप, त्यावर दोन पापुद्रे. वरचा पारदर्शक काढला की खाली पांढरी चकती, तीच भाकर, ती खाल्ली की दुसरा जांभळा पापुद्रा ओढायचा, आत घोटभर द्राक्षरस. शेजारच्या कॅथलिक आंटीने टेबलावर बघितला आणि विचारलं, "हें कितें रे, कॉफीचें क्रीम?" त्यांच्याकडे हे चालणारच नाही म्हणा, त्यांना गव्हाचीच भाकर आणि द्राक्षाचा खरा वाइन लागतो, व्हॅटिकनने २०१७ साली पत्र काढून हे पुन्हा बजावलंय.

पहिल्या रविवारी काय झालं ते ऐका. पाळक (आमचे पास्टर) म्हणाले, आता आपण सर्व मिळून भाकर घेऊ. आणि हॉलभर नुसता कर्रर्र कर्रर्र आवाज. अर्ध्या लोकांचे दोन्ही पापुद्रे एकदम निघाले. पुढच्या रांगेतल्या आजींची बोटं संधिवाताने वाकलेली, त्यांनी शेवटी दाताने ओढला आणि रस थेट पांढऱ्या पातळावर. पोरांनी तर प्रार्थना संपायच्या आधीच उघडून पिऊन टाकलेला. चकतीची चव विचारू नका, थर्माकोल कधी खाल्ला नाही पण असाच लागत असणार. आणि नंतर पिशवीभर प्लास्टिक, सुका कचरा न्यायला येणारा पोरगा मला विचारतो, "काल पार्टी झाली काय?"

पण वेळ वाचला हे खरं, सव्वाअकराला सगळं आटपलं. म्हणून पाच महिने हेच चालवलं.

जुलैत पार्सल अडकलं. पाऊस, ट्रॅकिंगवर चार दिवस एकच ओळ. शनिवारी रात्री साडेनऊला मी पाळकांना घाबरून फोन केला तर ते म्हणतात, "अरे मग पोदेर येतो ना सकाळी." पोदेर म्हणजे इथला दारोदार फिरणारा पाववाला. एका मावशींनी रात्रीच काळ्या मनुका भिजत घातल्या, सकाळी उकळून गाळून रस केला, गावाकडे आमच्या आया करायच्या तसाच. साडेसहाला पोदेराचा पों पों ऐकून मी छत्री घेऊन खाली पळालो आणि पाच पोई (गोव्याचा गोल पाव) घेतल्या, गरम होत्या, पेपरला वाफ धरली होती.

आता पोई ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आतून पोकळ, वर कोंडा. सुरीने कापली तर चपटी होते, हातानेच फाडावी लागते. पाळकांनी फाडली, पहिल्याला दिली आणि म्हणाले की प्रत्येकाने तुकडा तोडून शेजारच्याला द्यायचा, स्वतःचा स्वतः घ्यायचा नाही.

इथे माझी पंचाईत झाली. माझ्या शेजारी जुने खजिनदार बसलेले. कृतज्ञता सणाच्या हिशोबावरून आमचा आठ महिने सलाम बंद होता. रेडिमेड कपात काय व्हायचं, दारातल्या खोक्यातून आपला आपण उचलायचा, खुर्चीवर बसायचं, खाली मान घालून घ्यायचा, शेजारी कोण आहे बघायची गरजच नाही. पाच महिने मी तसंच घेतलं आणि मला काही टोचलं पण नाही. आता हातात पोई आणि समोर ते. मी तुकडा तोडला, कोंडा त्यांच्या पँटवर सांडला, ते हळूच म्हणाले, "एवढासा? हिशोबासारखाच देतोयस." मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग मोठा तोडून दिला. उपासनेनंतर त्यांच्या स्कूटरजवळ उभं राहून अर्धा तास बोललो, निम्मी चूक माझी होती, पावत्या माझ्याच घरात सापडल्या.

घरी येऊन बायबलमधल्या करिंथकरांस पहिलं पत्र याचा ११ वा अध्याय वाचला. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला झापतोय कशावरून, तर काही जण आधीच खाऊन घेतात आणि काही उपाशी राहतात यावरून, आणि शेवटी सांगतो काय तर एकमेकांची वाट पाहा. भांडी कुठली, पेले किती, काही नाही. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने साधारण १५५ साली लिहिलंय त्यात पण एवढंच आहे, वाचन, प्रार्थना, भाकर आणि पेला, जे आले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवणं, आणि अर्पणातून विधवा-अनाथांना मदत. आपण साऊंड सिस्टिमच्या वर्गणीसाठी तीन मीटिंगा घेतल्या, घरी कुणाकडे जायचं याची यादी दोन वर्षं केलेली नाही.

छोट्या पेल्यांना मी नावं ठेवत नाही हां. अमेरिकेत १८९० च्या दशकात, सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायलं तर क्षय पसरेल या भीतीने ते आले, आणि त्याआधी १८६९ ला थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) डेंटिस्टने द्राक्षरस तापवून तो आंबणार नाही अशी सोय केली ती प्रभुभोजनासाठीच. कोविडमध्ये असले बंद कप होते म्हणून किती मंडळ्यांचं भागलं. आजारी माणसाकडे हॉस्पिटलात न्यायला आजही बरे आहेत, खिशात मावतात, सांडत नाहीत (उघडेपर्यंत).

तर पॅकिंगला एक स्टार, हॉस्पिटलसाठी एक. चवीला शून्य. ऑगस्टपासून आम्ही पोईच घेतो, पेले धुवायची पाळी आता पुरुषांची आहे आणि पहिला नंबर माझा लागला. उशिरा आलेल्या बॉक्समधले ३७ कप उरलेत, वास्को-चिखलीकडे कुणी आजाऱ्यांना भेटायला जात असेल तर घेऊन जा, पैसे नकोत, पण उघडायला कात्री सोबत ठेवा.