महिन्याला अर्धा लिटर कुलंट आणि पावणेपाच लाखांचं एस्टिमेट

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतली २००७ ची पॉर्श बॉक्स्टर. ९८७ पिढीची, दोन सीटची, इंजिन सीटच्या मागे. तक्रार एवढीच, की महिन्याला अर्धा-पाऊण लिटर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत होतं. पार्किंगमध्ये खाली डाग नाही, तापमानाचा काटा जागच्या जागी, फक्त गाडी बंद केल्यावर मागच्या बाजूला गोडसर वास. ठाणे-बेलापूर रोडजवळच्या एका गॅरेजने गाडी चार दिवस ठेवून घेतली आणि निदान दिलं: हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांवरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, इंजिन खाली उतरवावं लागेल, ४ लाख ७५ हजार. शिवाय तपासताना खराब निघाले म्हणून बदललेला वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट, त्यांचे ६२ हजार वेगळे. मालकाने ते ६२ हजार भरून टाकले. पंप बदललाच नव्हता आणि गॅस्केट ठणठणीत होतं. गळत होती ती कुलंटची प्लास्टिकची टाकी.

ही फसवणूक कशी रचली गेली ते बारकाईने पाहायला हवं, कारण त्यात दाखवलेला एकेक पुरावा डोळ्यांना पटतो. बॉक्स्टरचं बॉनेट उघडलं की आत सामानाची जागा, मागची डिकी उघडली तरी तेच. इंजिन वरून दिसतच नाही. ज्या मालकाने आपल्या गाडीचं इंजिन कधी पाहिलेलंच नसतं, त्याला त्या इंजिनाबद्दल काहीही सांगता येतं.

पहिला पुरावा म्हणजे ऑइलचं झाकण. ते काढून आतला दुधी-पिवळा फेस दाखवला. 'बघा, तेलात पाणी.' या गाडीत ऑइल भरायचं तोंड डिकीत आहे आणि तिथून इंजिनापर्यंत लांब नळी जाते. ती नळी इंजिनाइतकी तापत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रोज पाच-सात किलोमीटर गाडी चालवली, की आतली वाफ त्या नळीत आणि झाकणाला थिजते आणि फेस धरतो. कुलंट खरंच तेलात गेलं आहे का, हे झाकणावर नाही, तळाशी कळतं. ड्रेन प्लगमधून पहिलं कपभर तेल काढा. ते स्वच्छ असेल तर झाकणावरचा फेस पुसून टाका आणि गाडी तासभर सलग पळवून आणा. शंका राहिलीच तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत ग्लायकॉलसाठी (कुलंटमधलं रसायन) तपासून घ्या. इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. आणखी एक खूण: चालू इंजिनात तेलाचा दाब कुलंटपेक्षा जास्त असतो. त्यामुळे दोन्ही मिसळत असतील तर बहुतेक वेळा आधी कुलंटच्या टाकीत तेलाचा तपकिरी चिखल दिसतो. तसा दिसला तरी तो हेडचाच दोष असं नाही. याच इंजिनावर तेल थंड करणारा हीट एक्स्चेंजर असतो, आधी तो तपासायचा.

दुसरा पुरावा, सायलेन्सरमधून टपकणारं पाणी. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, थंड नळीत ते थेंब होऊन बाहेर येतं. सकाळी सुरू केलेल्या कुठल्याही गाडीत ते दिसेल. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोड वासाचा धूर येत राहिला तरच काळजी करा.

तिसरा पुरावा सगळ्यांत घातक, कारण तो शास्त्रीय वाटतो. निळं द्रावण भरलेली नळी टाकीच्या तोंडावर धरतात आणि द्रावण पिवळं झालं की 'सिलिंडरमधला गॅस कुलंटमध्ये येतोय' म्हणतात. चाचणी खरी आहे. ते द्रावण कार्बन डायऑक्साइडने पिवळं होतं. पण माणसाच्या श्वासातही तो पुरेसा असतो, नळीत दोनदा फुंकलं तरी रंग बदलतो. बंद शेडमध्ये शेजारी दुसरी गाडी चालू असेल तरी बदलतो. टाकी काठोकाठ भरलेली असताना कुलंटच नळीत ओढलं गेलं तरी रंग बिघडतो. म्हणून ही चाचणी मोकळ्या हवेत, तुमच्यासमोर करून घ्या. टाकी इंजिन थंड असतानाच उघडायची, पातळी दोन-तीन इंच खाली करायची, मग इंजिन सुरू करून तापू द्यायचं आणि रबरी बल्बने हवा दोन-तीन मिनिटं ओढायची. आधी तेच द्रावण आसपासच्या हवेवर धरून निळंच राहतं ना, ते पाहायचं. ही उलट तपासणी करायला जो नकार देतो, त्याच्या निकालाला किंमत नाही.

चौथा पुरावा प्रेशर टेस्ट. हातपंपाने कुलंटच्या सिस्टिममध्ये हवा भरली, दाबाचा काटा खाली आला, म्हणजे आत गळती. पण काटा अॅडॅप्टरच्या सैल बसलेल्या रबरातूनही खाली येतो. त्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर चाचणी रद्द. उलट टोकाची लबाडी म्हणजे झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त दाब भरणं. सतरा-अठरा वर्षांचं प्लास्टिक आणि होज (रबरी नळ्या) तो सोसत नाहीत, आणि मग नवी गळती दाखवून तीच जुनी म्हणून सांगतात. दाब झाकणावरच्या आकड्याइतकाच द्यायचा, १५ ते २० मिनिटं थांबायचं, आणि काट्याचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी घ्यायचा. झाकणाची चाचणी वेगळी करायची. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही आणि कुलंट वाफेबरोबर गुपचूप निघून जातं. संशय आला तर हा भाग सर्वांत आधी बदलावा.

या गाडीवर नंतर झालेल्या थंड इंजिनाच्या चाचणीत काटा हललाच नव्हता. पहिल्या गॅरेजने ती चाचणी नीट केली असती तरी तिथेच थांबून 'बाहेर गळती नाही, म्हणजे आतच' असा निष्कर्ष काढला असता. काही भेगा फक्त तापल्यावर उघडतात, तर काही रबरी रिंग उलट थंडपणी आकसून झिरपतात. त्यामुळे दाब दोनदा द्यावा लागतो: रात्रभर उभ्या गाडीवर, आणि पुन्हा इंजिन कोमट असताना. कोमट म्हणजे वरच्या होजला हात सहज लावता येतो आणि तो दाबल्यावर मऊ लागतो इतकं. त्याआधी झाकण उघडायचं नाही. पाणी आणि कुलंटचं ५०:५० मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, पण १ बारच्या जादा दाबाखाली ते १२५ अंशांच्या वर असतानाही द्रवच राहतं. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून चेहऱ्यावर येतं.

कोमट चाचणीत काटा हळूहळू उतरला. डिकीतला कार्पेट उचलला तर खालचा भाग दमट होता आणि बोटाला बुळबुळीत लागला. बारीक कॅमेरा टाकीच्या खालच्या अंगाला नेला तेव्हा जोडाच्या रेषेपासून निघालेला वाळलेला गुलाबी ओघळ दिसला. टाकी अर्धी डिकीत, अर्धी इंजिनाच्या बाजूला. भेगेतून आलेला थेंब गरम भागावर पडायचा आणि जमिनीपर्यंत पोहोचायच्या आतच वाळून जायचा. म्हणून डाग नाही, फक्त वास. या गाड्यांच्या टाक्यांना वयाप्रमाणे अशा भेगा पडतात हे काम जाणणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. टाकी बदलणं स्वस्त नाही, खालचे होज आणि क्लॅम्प अवघड जागी असल्याने मजुरीही लागते, पण इंजिन खाली उतरवायचं कारण नाही.

टाकीवर येण्याआधी बाकीच्या जागाही बघायच्या असतात. पुढच्या बंपरमागे दोन्ही बाजूंना रेडिएटर आहेत. त्यांच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या फटीत पानं-कचरा अडकतो, पावसाळाभर ओला राहतो आणि अॅल्युमिनियम खातो. गाडीखालून पुढे-मागे जाणाऱ्या पाइपांचे जोड बघा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथे नुसता जुना डाग असेल तर पंप गेला असं नाही, थेंब पडत असेल किंवा पुलीला हलवल्यावर खेळ (सैलपणा) जाणवत असेल तर गेला. ओल दिसली की तिची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधा, कारण चालत्या गाडीत वारा थेंबाला मागे नेतो. डाय (टॉर्चखाली चमकणारा रंग) टाकून शोधायचं असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढाच डाय, आणि टाकण्याआधी इंजिन धुऊन निळ्या टॉर्चने एकदा पाहून घ्या. काही कुलंट मुळातच चमकतात, आणि ओतताना सांडलेला डाय नंतर 'गळती' म्हणून दाखवता येतो.

पावसाळ्यात एसीचं पाणी खाली पडतं, ते स्वच्छ आणि बेरंगी असतं. कुलंट बोटांत घासलं तर चिकटसर लागतं. चव मात्र कधीही घेऊ नका. इथिलीन ग्लायकॉल विष आहे आणि गोड असल्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलं तर भरपूर पाणी मारून लगेच धुवा.

आता ते ६२ हजार. मालकाला 'तुमचा जुना पंप' म्हणून एक गंजका पंप दाखवला होता. त्याच्या पोटात वाळलेला थर हिरवा होता, गाडीतलं कुलंट गुलाबी. पंप दुसऱ्याच गाडीचा होता. गाडीवर बसलेल्या पंपाच्या बोल्टांवर वर्षांची धूळ तशीच, पान्याचा एक ओरखडा नाही. हे टाळायचा उपाय साधा आहे: गाडी देण्याआधी जे भाग बदलतील असं वाटतं त्यांवर पेंट मार्करने खूण करा आणि फोटो काढा. प्लास्टिकच्या भागांवर साच्यातच उमटलेलं घड्याळासारखं छोटं वर्तुळ असतं, त्यात बनवल्याचं वर्ष आणि महिना. 'नव्या' टाकीवर जुनं वर्ष निघालं तर बोलायची गरजच नाही. जुने भाग परत मिळतील आणि विचारल्याशिवाय काहीही बदललं जाणार नाही, हे दोन्ही जॉब कार्डावर लिहून घ्या. गॅस्केटचं निदान असेल तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (तो किती दाब धरतो) आणि लीक-डाउनचे (भरलेली हवा किती गळते) आकडे लेखी मागा. या मालकाला एकही आकडा दिला नव्हता.

टाकी खोलली तेव्हा तळाशी भुरकट गाळ सापडला. गळती बंद करणारी पावडर कुणीतरी न विचारता टाकली होती. ती भेगेबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते, म्हणून सगळी सिस्टिम धुऊन काढावी लागली. नळाचं पाणी आणि वेगळ्या जातीचं कुलंट यांनीही असाच गाळ धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि मॅन्युअलमधल्या जातीचं कुलंट, निम्मं-निम्मं.

भरून झाल्यावर हवा काढणं राहिलं तर तापमानाचा काटा उड्या मारतो, आणि तोच पुन्हा 'गॅस्केट' म्हणून विकला जातो. या गाडीत झाकणाशेजारच्या कव्हरखाली तारेची क्लिप असलेला ब्लीड व्हॉल्व्ह आहे. ती क्लिप उभी करून गाडी चालवायची, थंड झाल्यावर पातळी भरायची, आणि पातळी थांबेपर्यंत हे करत राहायचं. व्हॅक्युम फिलर (आधी हवा खेचून मग कुलंट भरणारं साधन) असलेल्या गॅरेजमध्ये हे काम एका बैठकीत होतं. नंतर आठवडाभर रोज सकाळी, सपाट जागी, थंड इंजिनावर पातळी बघा. सोसायटीच्या रॅम्पवर घेतलेलं माप चुकतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरली तर ती उरलेली हवा असते, गळती नव्हे.

ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी जीएसटी बिल, जॉब कार्ड, खुणांचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि ती राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. वाशी-नेरूळचा माणूस ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर-पनवेलचा रायगडमध्ये. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.