टूलचं वर्णन: एका ओळीचं की सविस्तर?

मुंबई लोकलच्या वेळा सांगणाऱ्या एआय एजंटसाठी (एआय मॉडेलवर चालणारा, स्वतः टूल वापरून काम करणारा प्रोग्राम) टूलचं, म्हणजे त्याला वापरायला दिलेल्या फंक्शनचं, वर्णन दोन तऱ्हांनी लिहिता येतं.

पहिलं: 'गाड्यांची माहिती देतं.' टोकन (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करून वाचतं ते) कमी लागतात, एवढाच फायदा. मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला भरून द्यायची माहिती) यांवरूनच ते टूल कधी आणि कसं वापरायचं हे ठरवतं. मग 'दादर' म्हटलं की पश्चिम की मध्य, हे अंदाजाने भरलं जातं.

दुसरं: 'दोन स्थानकांमधल्या पुढच्या लोकल देतं. स्थानकाचा कोड द्या: दादर पश्चिम रेल्वेवर डीडीआर, मध्यवर डीआर. वेळ २४ तासांच्या घड्याळाने. भाडं आणि गाडीचा उशीर यात नाही.' हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अनेकदा तेच गाळलं जातं, आणि एजंट उशिराच्या प्रश्नालाही छापील वेळ देऊन मोकळा होतो.

टूल एकच आणि साधं असेल तर पहिलं चालून जातं. भाडं, उशीर, वेळापत्रक अशी वेगवेगळी टूल जोडली असतील तर दुसरंच लिहा.