वाचायचं की वाचायचंच नाही? कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी, शेजारी शेजारी ठेवून

लोकांनी लिहायचं आणि आपण जागा द्यायची, असं काही तुम्ही सुरू करताय. गावाच्या बातम्यांचं ॲप असेल, ग्राहकांच्या तक्रारींचं पोर्टल असेल, नाहीतर माजी विद्यार्थ्यांचा मोठा ग्रुप. पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो: लोक लिहितील ते आपण बघायचं की त्यात पडायचंच नाही? अनेक जण सांगतात, "हात लावू नका. हात लावला की जबाबदारी आली." हा सल्ला एकेकाळी अगदी खरा होता. आज आपल्याकडे तो पाळावा का, हे ठरवण्याआधी मोडेमच्या काळातल्या, म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडायच्या दिवसांतल्या, दोन अमेरिकन ऑनलाइन सेवा कंपन्यांचं काय झालं ते बघा.

ओहायोतल्या कॉम्प्युसर्व्हने हात लावला नव्हता. तिच्या पत्रकारांच्या विभागात 'रूमरव्हिल यूएसए' नावाचं बातमीपत्र रोज यायचं. ते लिहिणारी संस्था वेगळी, विभाग सांभाळणारी कंपनी वेगळी. मजकूर चढला की ग्राहकाला लगेच दिसायचा, मध्ये कॉम्प्युसर्व्हचा कोणी माणूस नव्हता. एप्रिल १९९० मध्ये त्यात एका प्रतिस्पर्धी सेवेची बदनामी झाली आणि त्या कबी कंपनीने कॉम्प्युसर्व्हलाच कोर्टात खेचलं. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दावा फेटाळला. न्यायालयाच्या दृष्टीने कॉम्प्युसर्व्ह म्हणजे वाचनालय, पुस्तकांचं दुकान किंवा पेपरचा स्टॉल. मजकूर बदनामीकारक आहे हे माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं असं काही कारण असेल, तरच विकणारा जबाबदार.

प्रॉडिजी आयबीएम आणि सीअर्स यांची. घरातल्या सगळ्यांनी बसून वापरावी अशी सेवा, असं ती स्वतःबद्दल सांगायची, आणि त्याप्रमाणे वागायचीही. मजकुराचे नियम होते, शिव्या गाळणारं सॉफ्टवेअर होतं, प्रत्येक विभागावर देखरेखीला माणूस होता आणि त्याच्याकडे संदेश काढून टाकायची सोय होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'मनी टॉक' या विभागात कोणा अनामिकाने लिहिलं की स्ट्रॅटन ओकमाँट ही शेअर दलाली करणारी कंपनी फसवणूक करते. कंपनीने २० कोटी डॉलरचा दावा ठोकला. रोज सुमारे ६०,००० संदेश येतात, एकेक कसा वाचणार, असं प्रॉडिजीचं म्हणणं होतं. मे १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयाने ते मानलं नाही. तुम्ही निवड करता, काढून टाकता, म्हणजे तुम्ही वर्तमानपत्रासारखे प्रकाशक, असा निकाल आला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. ज्याने घर झाडायचा प्रयत्न केला तो अडकला आणि ज्याने डोळ्यांवर कातडं ओढलं तो सुटला. (त्याच स्ट्रॅटन ओकमाँटच्या प्रमुखांनी १९९९ मध्ये शेअर बाजारातल्या फसवणुकीचे गुन्हे कबूल केले, हेही इथे सांगायला हवं.) "हात लावू नका" हा सल्ला या निकालाच्या दहशतीतून आलाय. पण तो निकाल जेमतेम नऊ महिने टिकला. फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेने कलम २३० आणलं: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक तुम्हाला मानणार नाहीत, आणि सद्हेतूने काही काढून टाकलंत तर त्याबद्दलही धरणार नाहीत.

तुमचा व्यवहार इथला असेल तर मात्र कलम २३० विसरा. तुमचं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ७९, दुसऱ्याच्या मजकुराबद्दल संरक्षण देणारं. ते २००० पासून आहे, पण २००४ मध्ये एका लिलाव संकेतस्थळावर कोणीतरी विकायला ठेवलेल्या अश्लील क्लिपपायी त्या कंपनीच्या प्रमुखालाच अटक झाली आणि त्या संरक्षणाचा जीव केवढा ते कळलं. २००८ च्या दुरुस्तीत ते नव्याने लिहिलं गेलं. त्याच्या अटी अशा: संदेश तुम्ही निवडलेला किंवा बदललेला नसावा, तुम्ही योग्य ती खबरदारी घेतलेली असावी, आणि बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर तो काढलेला असावा. ही 'माहिती' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांनी प्रॉडिजीची अडचणही सोडवली: ठरवून दिलेल्या प्रकारचा बेकायदा मजकूर तुम्ही आपणहून किंवा तक्रारीवरून काढला तर संरक्षण जात नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही.

म्हणून माझं मत प्रॉडिजीच्या बाजूने आहे. वाचा, आणि घाण दिसली की काढा. पण बदलू नका. समजा कोणी नगरपालिकेच्या पाण्याबद्दल चार वाक्यं लिहिली, तीन चांगली आणि चौथ्यात नगरसेवकाला शिवी. चौथं वाक्य खोडून बाकीचं ठेवायचा मोह होतो. तो आवरा, कारण मजकूर बदलला की कलम ७९ ची अट मोडल्याचा मुद्दा समोरच्याला आयता मिळतो. अख्खी पोस्ट काढा आणि लेखकाला कळवा, की तो दुरुस्त करून पुन्हा टाकेल. प्रत्येक पोस्ट आधी मंजूर करून मगच लावणंही मी टाळेन. त्यात निवड आली.

फोटो, गाणी, पुस्तकांच्या पीडीएफ यांचा मामला निराळा, तिथे कॉपीराइट येतो. १९९३ च्या खटल्यात फ्लोरिडातल्या एका छोट्या बोर्डाच्या (लोक मोडेमने जोडून संदेश आणि फायली टाकत तो कॉम्प्युटर) चालकाने सांगितलं की प्लेबॉय मासिकाचे १७० फोटो ग्राहकांनी चढवले, मला ठाऊकच नव्हतं. तरी तो दोषी ठरला. दोन वर्षांनी नेटकॉम या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात न्यायालय मवाळ झालं, पण सूचना मिळूनही गप्प बसलात तर जबाबदारी येऊ शकते, हे तिथेही ठेवलंच. आपल्याकडेही कलम ८१ ने कॉपीराइटधारकाचे हक्क राखून ठेवलेत. तेव्हा इथे "मला माहीत नव्हतं" यावर विसंबू नका.

आणि वाचायचं ते फक्त चारचौघांसमोरचं. मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने ऑस्टिनमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर छापा घालून बोर्डाचा कॉम्प्युटर नेला, त्यात लोकांची न वाचलेली १६२ खासगी पत्रं होती. १९९३ मध्ये न्यायालयाने सरकारला भरपाई द्यायला लावली. दोघांमधला निरोप त्या दोघांचा असतो.

राहिली तक्रार. इथे कायदा तुम्हाला बरीच सूट देतो, आणि ती पुरती वापरू नये असं मला मनापासून वाटतं. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटात १६८ माणसं मेली. सहा दिवसांत एओएल या अमेरिकन ऑनलाइन सेवेवर कोणीतरी त्या मृतांची थट्टा करणाऱ्या टी-शर्टची जाहिरात टाकली आणि खाली सिएटलच्या केनेथ झेरान यांच्या घरचा नंबर दिला. त्यांचा काहीही संबंध नव्हता. धंदा घरून, म्हणून नंबर बदलता येईना. त्यांनी एओएलला फोन केला. पोस्ट निघाली, पुन्हा नवी आली. ३० एप्रिलला, रविवारी, दर दोन मिनिटांनी शिव्यांचा फोन येत होता, आणि सोमवारी एका रेडिओ केंद्राने तो मजकूर वाचून श्रोत्यांना त्याच नंबरवर फोन करायला सांगितलं. १९९७ मध्ये न्यायालयाने कलम २३० चा आधार घेऊन एओएलला मोकळं केलं.

तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क नियमाप्रमाणे तुम्हाला द्यावाच लागेल. तो तळाशी बारीक अक्षरात नको, पहिल्या पडद्यावर द्या. आणि रविवारी तो फोन कोण उचलणार, हे ॲप सुरू करायच्या आधी ठरवा.