नऊ महिने रेंजवर: पिस्तुलापेक्षा दोरीबद्दलच जास्त

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वय ४७. बंदुकीशी संबंध म्हणाल तर लहानपणी जत्रेत फुगे फोडले तेवढाच. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं आणि आमच्या आठवीतल्या मुलीनं रायफलीचा हट्ट धरला. वर्षभर टाळाटाळ केली, गेल्या जूनमध्ये हरलो. तिला शूटिंग क्लबवर सोडायचो, दीड तास बाकावर बसून मोबाईल बघायचो. पंधरा दिवसांत बाकाचा कंटाळा आला म्हणून मीही नाव घातलं. ती एअर रायफल, मी एअर पिस्तूल, दोन्ही १० मीटर. आता नऊ महिने झालेत. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण थोडं कौतुक आहे तशा तक्रारीही आहेत, आणि रोज तिथंच जायचंय.

पहिले दोन आठवडे एकही गोळी मारू दिली नाही. फी भरून नुसतं उभं राहायचं, याचा मला रागच आला होता. मॅडम, म्हणजे आमच्या कोच, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी क्लबचं जुनं स्टायर कंपनीचं पिस्तूल उचललं, वरचा लिव्हर उघडला, आत बघितलं, मला दाखवलं आणि हातात दिलं. मी घेतलं आणि सरळ समोर धरलं. त्यांनी काही न बोलता परत काढून घेतलं.

"काका, रिकामं आहे हे मी बघितलं. तुम्ही कुठं बघितलं?"

"तुम्ही दाखवलं की आत्ता."

"मी दाखवलं. तुम्ही बघितलं नाही."

असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी मी घेतल्या घेतल्या लिव्हर उघडून आत डोकावलो, तेव्हा कुठं पिस्तूल हातात राहिलं. दुसऱ्यानं तुमच्या डोळ्यांदेखत तपासलं असलं तरी हातात आलं की स्वतः उघडायचं. नळी कायम टार्गेटकडं. बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, पकडीच्या बाजूला सरळ. नेम लागेपर्यंत आत नाही. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन उचलेल इतका असावा असा स्पर्धेचा नियम आहे. ५०० ग्रॅम ऐकायला बरं वाटतं, पण बोटाला ते काहीच नाही. नुसतं टेकवलं की सुटतं. सवयीनं बोट आत ठेवणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळतं.

खरं सांगायचं तर लेथवाल्याला हे नवीन नव्हतं. चकची, म्हणजे लेथवर काम घट्ट धरणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्येच विसरून मशीन चालू केलं तर ती चावी कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. माझ्या वडिलांनी त्यावरून माझ्या कानाखाली वाजवली होती, आणि तीही मशीन बंद असताना. "बंद हाय की" हे उत्तर त्यांना चालायचं नाही. रेंजवर "रिकामं आहे" हे उत्तर चालत नाही. एवढं डोक्यात बसल्यावर माझा राग गेला.

आता दोरीबद्दल. लांबून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. भडक केशरी रंगाची नायलॉनची जाड दोरी, गवत कापायच्या यंत्राला लावतात तसली. आमच्या क्लबमध्ये खरोखरच शेतीच्या अवजारांच्या दुकानातून गुंडाळी आणून कापतात. पिस्तूल असो की रायफल, नेम धरायची वेळ सोडली तर ही दोरी नळीतून आरपार घातलेली असायला पाहिजे. मागून एक टोक दिसलं पाहिजे, पुढून दुसरं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही हाच नियम आहे, तिथं तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. मला वाटायचं, ही बाकीच्यांना दिसावी म्हणून असते. तेही आहेच. पण ऑक्टोबरात तिचं दुसरं काम कळलं.

रविवार होता, सराव सामना लावला होता, ६० शॉट, ७५ मिनिटं. चाळिसाव्या शॉटच्या आसपास शेजारच्या लेनमधली टार्गेट आणायची पुली अडकली. आमचे रेंज ऑफिसर फौजेतून रिटायर झालेले सुभेदारसाहेब आहेत, गडहिंग्लजकडचे. त्यांनी आवाज दिला, "स्टॉप! अनलोड!" पुली सोडवायला जाणारा पोरगा लाल पट्टीपाशी येऊन उभा राहिला. मी लिव्हर उघडला, दोरी घातली. जाईना. पेराएवढीसुद्धा आत जाईना. मला वाटलं टोक वाकलंय. दोरी उलटी करून दुसऱ्या टोकानं जोर लावला. तरी जाईना. माझ्या मनात शंभर टक्के खात्री, की पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची छोटी गोळी, घातलेलंच नाही.

मॅडम मागून म्हणाल्या, "काका, जोर लावू नका. दोरी काय म्हणतीय ते ऐका."

मग आठवलं. पेलेट भरलं होतं, हात वर नेला होता, नेम डगमगला म्हणून न मारता खाली घेतला होता. पिस्तुलात हे सारखं होतं. जमत नाही तो शॉट सोडून द्यायचा, हेच शिकवतात. हात खाली आला, तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला, मन तिकडं गेलं आणि पेलेट आतच राहिलं. लिव्हर परत उघडला म्हणून पेलेट बाहेर येत नाही, ते नळीत बसलेलं असतं. ते बाहेर काढायचा एकच सरळ रस्ता, परवानगी घेऊन टार्गेटवर मारून टाकणं.

हात वर केला. सुभेदारांनी त्या पोराला मागं घेतलं, सगळ्यांची पिस्तुलं टेबलावर, सगळे लाल पट्टीच्या मागं. मी एकटा पुढं. फुस्स करून आवाज आला, टार्गेटवर सातची रिंग. मग दोरी सर्रकन आरपार गेली. एवढंच घडलं. सुभेदार रागावले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं आणि पोराला पुली सोडवायला पाठवलं. तो पोरगा माझ्या लेनसमोरून चालत गेला तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता. मोबाईल त्या दिवसापासून गाडीच्या डिकीत.

इथून पुढं तक्रारी. पहिली तक्रार क्लबपेक्षा आमच्यासारख्या आईबापांवर आहे. शनिवार-रविवारी लेनच्या मागं पालकांची गर्दी असते. एखादी आई मागनं हाक मारते, "ए बाळा, पाणी पी की!" आणि पोरगं हातात रायफल घेऊन गर्रकन वळतं. नऊ महिन्यांत हे मी किमान चार वेळा बघितलं. दोरी आत नव्हती असं एकदाच झालं, पण झालं. पोराला ओरडा बसतो, खरं तर हाक मारणाऱ्याला बसायला पाहिजे. दिवाळीनंतर क्लबनं पालकांचे बाक दाराबाहेर नेले आणि काचेतून बघा म्हणून सांगितलं. दोन पालक भांडले, एकानं नाव काढून नेलं. माझ्या मते हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

दुसरी, दोऱ्या हरवतात. क्लबच्या रायफली दहा, दोऱ्या कधी सात, कधी सहा. मग कुणी इअरबडची काडी खुपसतं, कुणी कागदाची सुरळी. हे चालत नाही, ती आरपार जात नाही, म्हणजे काही सांगतच नाही. मी शेवटी अख्खी गुंडाळी विकत घेतली आणि पिस्तुलाच्या पेटीत चार तुकडे ठेवले. मुलीच्या पेटीतही.

तिसरी, साबण. हसू नका. पेलेट शिशाचं असतं. ५०० चा डबा मला महिनाभर जातो, म्हणजे महिन्यात पाचशे वेळा शिसं चिमटीत धरायचं. बेसिन आहे, साबण कधी असतो कधी नसतो, आणि समोरच वडापावची गाडी. रेंजवर खायचं नाही, बाहेर पडल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खायचं नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि निम्मे लोक पाळत नाहीत. एक जुने सभासद तर पेलेट ओठात धरून ठेवायचे, लवकर भरता येतं म्हणून. मॅडमनी मोडलं ते. झाडू मारायलाही बंदी आहे, धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसतात. आमच्या मावशींना हे पटलेलं नाही. मॅडम दिसल्या नाहीत की झाडू बाहेर येतो.

पावसाळ्याबद्दल थोडंसं. जुलैत कोल्हापूरची हवा कशी असते ते सांगायला नको. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल्या हातानं पिस्तूल परत ठेवू नका. बाकी काही नाही.

हवेचं सांगतो, कारण इथं माझीच चूक होता होता राहिली. आधुनिक एअर पिस्तुलाला पुढं एक लहान सिलेंडर असतो, त्यात २०० बार दाबापर्यंत हवा भरतात. माझ्या वर्कशॉपचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारवर चालतो आणि त्याची नळी निसटली तर माणूस दचकतो. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन. तर २०० म्हणजे काय ते डोक्यात घ्या. सप्टेंबरात सिलेंडर बसवताना आटे घट्ट लागले. लेथवाल्याचा हात आपोआप तेलाच्या डबीकडं जातो, माझाही गेला. सुभेदारांनी मनगटच धरलं. एवढ्या दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं. रबरी रिंगला कंपनी सांगते तेच ग्रीस, तेही नावाला. आणि कडक उन्हात बंद गाडीत सिलेंडर ठेवायचा नाही. तपोवन मैदानाकडं मुलीची स्पर्धेची तयारी बघायला गेलो तेव्हा पेटी खांद्यावर घेऊन हिंडलो, लोक गिटार समजले.

क्लबतर्फे एकदा ५० मीटरवर पॉइंट टू टूचा, म्हणजे हवेवर नाही तर काडतुसावर चालणाऱ्या .२२ रायफलीचा, सराव बघायला नेलं. त्याला लायसन लागतं, आम्ही फक्त बघे. पण दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक म्हणजे आवाज. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही घातले तरी छातीत धक्का जाणवतो. दुसरी, एका मुलीची गोळी ट्रिगर ओढूनही उडाली नाही. तिनं रायफल तशीच टार्गेटकडं धरून ठेवली, हात वर केला आणि अर्धं मिनिट हललीच नाही, कारण कधीकधी गोळी उशिरा उडते. मग ऑफिसर आले. सोळा वर्षांची असेल. माझ्या वर्कशॉपमधल्या चाळिशीच्या माणसाला अर्धं मिनिट गप्प उभं करून दाखवा.

आमच्या एअर पिस्तुलाला लायसन लागत नाही, ४.५ मिलिमीटरची नळी आणि २० जूलपेक्षा कमी ताकद, या मर्यादेत ते बसतं. पण लायसन नाही म्हणजे खेळणं नाही. तावडे हॉटेलपाशी नाकाबंदीत एकदा पेटी उघडायला लावली. बिल आणि क्लबचं कार्ड पेटीतच होतं. हवालदारांनी केशरी दोरी बघून विचारलं, "हे काय, वात हाय का?" समजावून सांगितलं, हसून सोडलं. बिल-कार्ड सोबत ठेवाच.

घरचा किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. एकदा मेव्हणा आला, त्याच्या वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डासाठी पिस्तूल हातात घेऊन फोटो पाहिजे म्हणाला. नाही म्हटलं. "अरे रिकामंच हाय की भावजी!" मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "मामा, तुम्ही उघडून बघितलंय?" तो अजून नीट बोलत नाही तिच्याशी. पिस्तूल कपाटात कुलपात असतं, पेलेटचा डबा वेगळ्या खणात, चाव्या माझ्याकडं. सिलेंडर काढून ठेवतो.

खेळाचं म्हणाल तर माझा स्कोअर ६०० पैकी ५१० च्या आसपास अडकलाय. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं, त्यांचे फोटो क्लबच्या भिंतीवर आहेत. त्याखाली उभं राहून मी सातची रिंग फोडतो. मुलगी पुढं गेलीय, तो वेगळा विषय.

कुणी जुनं पिस्तूल घेणार असेल तर एक गोष्ट आधी बघा. सिलेंडरवर तारीख कोरलेली असते, आणि माझ्या पिस्तुलाच्या कंपनीनं त्याचं आयुष्य दहा वर्षं दिलंय. बाकी पिस्तूल चकाचक असलं तरी तारीख गेलेला सिलेंडर भरायचा नाही, स्पर्धेतही घेत नाहीत. मी डिसेंबरात घेतलेल्या सेकंडहँड पिस्तुलाची पकड बघितली, ट्रिगर बघितला, बॅरलमध्ये बॅटरी मारून बघितलं आणि तारीख बघायचीच राहिली. मॅडमनी पहिल्या दिवशी दाखवली: दोन महिने उरलेत. विकणारा आता फोन उचलत नाही. नवा सिलेंडर मागवलाय, तोवर क्लबचं जुनं स्टायर. त्याची दोरी मात्र माझी.