महोत्सव भरवायचा की तालमीला जागा द्यायची?

‘कलाकारांसाठी काहीतरी करायचंय, एक आराखडा द्या’ असं नगरपालिकेकडून आलं की समितीत दोनच सूचना तग धरतात. तीन दिवसांचा महोत्सव, नाहीतर तालमीची बारमाही जागा. बाकीच्या म्हणजे पुरस्कार, कलाभवन, स्मारक वगैरे चहा येईपर्यंत टिकतात. मी दोन्ही करून बसलोय. महोत्सव चार वर्षं केला, जागेचं हे सहावं वर्ष. पैसे दोहोंतल्या एकालाच पुरणार असतील तर काय करावं, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

आधी महोत्सवाची बाजू. मंजुरी पटकन मिळते, कारण त्याला तारीख असते आणि फोटो असतो. शाळेतल्या पोरांनी सनई पहिल्यांदा समोर बसून ऐकली ती आमच्याच मंडपात, हे मी कधी नाकारणार नाही. आणि आपल्या भागात चांगले उत्सव आहेतच. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत अजून गाणं होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, पण आजही गवई तिथे हजेरी लावायला येतात. साताऱ्याकडच्या औंधचा संगीत महोत्सव १९४० पासूनचा. आम्हीही औंधचंच उदाहरण देऊन पैसे मंजूर करून घेतले होते. फरक नंतर कळला. त्या दोन्ही उत्सवांच्या मागे गुरू आहे. आमच्या मागे मार्चअखेर होती.

तरीही मी महोत्सवच करत राहिलो असतो. मन उडालं ते एका संध्याकाळी.

आटपाडीकडून गजीनृत्याचा, म्हणजे धनगरांच्या ढोलावरच्या नाचाचा, संघ बोलावला होता. ढोल, सनई, पांढरे पोशाख, हातात रंगीत रुमाल. टेम्पोतून तीस-बत्तीस माणसं साडेपाचलाच येऊन बसलेली. त्यांची वेळ साडेसहाची. प्रमुख पाहुणे पावणेनऊला आले. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाच भाषणं. दहाला स्पीकर बंद करायचा म्हणजे करायचा. संघाला अकरा मिनिटं मिळाली. गजीची लय अशी हळूहळू चढत जाते की अकरा मिनिटांत ढोल नुसता तापतो. त्यातले म्हातारे होते ते मला म्हणाले, “असू द्या साहेब, पुढच्या साली.” रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या टेम्पोचं भाडं तीन महिन्यांनी निघालं. मंडपवाल्याला मात्र आम्ही निम्मी रक्कम आगाऊ दिली होती. चारही वर्षांचे हिशेब काढून बसलो तर दर वर्षी तेच. मंडप, स्पीकर, हार, जेवणं आणि सगळ्यात खालच्या ओळीत मानधन.

जागेचं म्हणाल तर आम्ही एक जुनं हळदीचं गोदाम भाड्यानं घेतलं. तीन दिवसांच्या मंडप-स्पीकरच्या पैशांत जवळजवळ दीड वर्षाचं भाडं निघालं. दिसायला काहीच नाही. पहिले सहा महिने तर तिथे मी आणि पाली एवढेच. पांढरा लेंगा भिंतीला टेकला की पिवळा, हे अजून चालू आहे. एकच ग्रुप जागा बळकावतो, पंखा कुणी बंद करत नाही, लाइट बिलावरून भांडणं होतात. फित कापायलाही कुणी फारसं उत्सुक नव्हतं.

जागा भरली ती एका कडीमुळे. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. ती बसवली, बाहेर दिवा लावला आणि त्या हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना पाच मुली आल्या. त्याआधी आमच्या नाटकांत बाईचं पात्र एकच असायचं, तेही वयस्कर. याला कुणी पाहणी म्हणणार नाही. मला मात्र तेवढं पुरलं.

मिरजेच्या वाद्यांचंही तसंच झालं. सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावची खास वस्तू असल्याची सरकारी ओळख, मिळालं, सगळ्यांना अभिमान. पण महोत्सवात स्टॉल लावला होता तेव्हा लोकांनी तारा छेडल्या, फोटो काढले, एकही वाद्य खपलं नाही. पुढे जागेसाठी आम्हीच एक तंबोरा घेतला. कारागीर वर्षातून एकदा जवारी काढायला, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवायला, येतात. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदा हलकी फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा कानस. दीड-दोन तास. पोरं गप्प बसून बघतात. त्यातला एक आता रविवारी मिरजेला जातो, शिकायला की नुसता बघायला ते मी विचारलेलं नाही. जाता जाता एक. मानांकनाचा शिक्का वापरायचा तर प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. ते अर्ज भरून द्यायला महिन्यातून एक दिवस टेबल मांडलंत तर ते कुठल्याही स्टॉलपेक्षा उपयोगी पडेल. हेही जागा असली तरच जमतं.

तुमच्याकडे गणित वेगळं असूही शकेल. वाईजवळच्या मेणवलीसारखा नदीकाठचा घाट असेल, बाहेरची माणसं आधीच येत असतील, तर महोत्सव कदाचित लवकर फळेल. भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेव्हा पाचगणी-महाबळेश्वरचा रस्ता वाहताच होता. पण तिथेही पुस्तकं तीन दिवसांच्या मंडपात मांडली नाहीत, लोकांच्या घरांत बारा महिन्यांसाठी ठेवली.

जागेकडे कल झाला तर करार लेखी करा, निदान पाच वर्षांचा. इथली सांगलीकडची माणसं आद्य नाटककार भाव्यांचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू करत नाहीत, पण त्यांचं पुढचं सांगत नाहीत. विष्णुदासांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं ते सांगलीच्या राजांच्या, चिंतामणरावांच्या आश्रयानं. चिंतामणराव १८५१ मध्ये गेले, दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. आपल्याकडे तर साहेब दर तीन वर्षांनी बदलतात. आमचं गोदाम एका बदलीत जाता जाता वाचलं ते त्या करारामुळेच.

आणि किल्ल्या तीन करा. एक नगरपालिकेच्या शिपायाकडे, एक तुमच्याकडे, एक शेजारच्या चहावाल्याकडे. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाते ती तिसरी.