पाटी पंधराची, मोटर साडेसातची

एकूण गेले 5,50,200 रुपये. लाकूड कापायचं बँडसॉ मशीन (फिरत्या पट्ट्यासारख्या ब्लेडचं) 4,85,000, ब्लेड 12 नग 3,600 प्रमाणे 43,200, ट्रकभाडं 14,500 आणि जळलेल्या मोटरचं रिवाइंडिंग 7,500. हा आकडा मी तीन महिने घरातही सांगितला नव्हता. आज लिहितोय, कारण ज्याने मला हे मशीन विकलं तोच माणूस अजून मशीन विकतोय.

कोकणात आमची वखार आहे, वडिलांपासूनची. लाकूड मला कळतं. पण आमच्या जुन्या मशीनवर 16 इंचांच्या पुढे जाता येत नाही आणि एका रिसॉर्टची ऑर्डर आली होती: ऐन या कठीण लाकडाच्या अखंड फळ्यांची टेबलं, 24 इंच रुंद, दिवाळीच्या आत. 60,000 ॲडव्हान्स घेऊन बसलो होतो. आडवं बँडसॉ मशीन हवं होतं आणि लगेच हवं होतं.

विक्रेत्याचा व्हिडिओ, ‘शेवटचा एकच पीस’ म्हणून घाई, टोकन म्हणून आगाऊ पैसे, हे सगळं नेहमीचंच, सांगत बसत नाही. मी नुसत्या व्हिडिओवर पैसे पाठवले नाहीत. पाच तास गाडी चालवून स्वतः गेलो, डेमो बघितला. ओल्या आंब्याचा ओंडका होता, 14 इंचांचा. सरसर कापला. मी म्हटलं, ऐन लावा. तर म्हणे, “शेठ, ऐन आत्ता यार्डात नाही. पण पंधरा एचपी आहे, कशाला काळजी करता?”

आणि मग मी मोटरची पाटी, जिच्यावर तिची एचपी म्हणजे ताकद लिहिलेली असते, ती वाचायला वाकलो. झोप उडते ती इथे. पाटी कोरी करकरीत, रिबिटं चकचकीत, आणि पाटीच्या कडेला अर्ध्या इंचावर दोन जुनी भोकं, पुट्टी भरून वर निळा रंग मारलेली. त्यातल्या एका भोकावरून मी स्वतःचा अंगठा फिरवला. रंग किंचित ओला लागला. मी विचारलंसुद्धा, “पाटी बदललीय का?” तो म्हणाला, “पावसात गंजली होती, कंपनीकडून दुसरी आणली.” मला पटलं. पटवून घेतलं म्हणा, कारण डोक्यात दिवाळी होती. तिथल्या तिथे खिशातला टेप काढून मोटरच्या पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मोजली असती, तर सगळं उघडं पडलं असतं. साध्या चार पोलच्या 15 एचपी मोटरला ती साधारण 160 मिलिमीटर असते. ही नंतर मोजली तर 132 निघाली. टेप खिशातच होता.

वखारीत आणून ऐन लावला. चार फूट गेलं नाही तोवर ब्लेड आत लहरायला लागलं, फळीच्या मध्यभागी 10 मिलिमीटरचं पोट. दात निळे पडले. दुसरं ब्लेड चाळीस मिनिटांत जोडावर तुटलं. लोक म्हणतात फीड, म्हणजे ब्लेड लाकडात पुढे सरकवायचा वेग, कमी ठेवायचा होता, ठेवला होता. 24 इंचांच्या कापात 22 मिलिमीटर अंतराचे सत्तावीस-अठ्ठावीस दात एकाच वेळी लाकडात असतात, 12 इंचांत चौदाच. सुकलेल्या ऐनात तेवढे दात ओढायला ताकद लागते, आणि दातांमधल्या खाचेत भुसा मावला नाही की ब्लेड तापून भरकटतं. रुंद कठीण कापाला दातांतलं अंतर 25 मिलिमीटर तरी मागा, दाताचा कल 4 ते 7 अंश. मला दिलेली ब्लेडं 10 अंशांची होती, आंब्याला ठीक. ‘बायमेटल’, म्हणजे दातांना जास्त कठीण धातू असलेलं, म्हणून दिलेल्या त्या ब्लेडच्या दातावर मी कानस घासली, तर सरळ चकचकीत ओरखडा उठला. बायमेटलवर कानस घसरते. बारा नग घ्यायच्या आधी एकावर घासून बघा, विक्रेत्यासमोर.

मोटर अकराव्या दिवशी जळली. रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्विच, पाटीप्रमाणे 20 अँपिअरवर लावला होता, म्हणजे साडेसात एचपीच्या मोटरला तो वाचवणारच नव्हता. तिचा पूर्ण भाराचा करंट जेमतेम 11. रिवाइंडिंगवाल्याने मोटर उघडली, एकदा बघितलं आणि म्हणाला, “दादा, ही साडेसातची आहे. पंधराची कोणी सांगितली तुम्हाला?” दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

पोलिसांकडे तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बाहेर. दुसऱ्यांदा, “हा दिवाणी मामला आहे.” तिसऱ्यांदा बिल बघून, “मोटर दिलीय ना त्याने?” बिलावर लिहिलंय ‘बँडसॉ मशीन मोटरसह’, बस्स. एचपी नाही, ब्लेडचा प्रकार नाही. तेही 3,85,000 चं, कारण 1,00,000 रोख घेतले होते. रोखीचा पुरावा काय, असं मलाच विचारलं, जणू चोरी मी केली. पाटी बदलून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पोच मागितली तर “नंतर या”. उद्योगाच्या सरकारी कार्यालयात सांगितलं, आमच्याकडे पुरवठादारांच्या थकीत पैशांच्या तक्रारी येतात, तुम्ही तर खरेदीदार. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली वस्तू, ग्राहक कायद्यात अडेल. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली हे सिद्ध करावं लागेल. वखारीत मी स्वतः राबतो, हाताखाली दोन माणसं. हे सिद्ध करायला अजून किती कागद आणू?

रोख देऊ नका, कोणी कितीही सूट देवो. बिलावर एचपी, मोटरचा नंबर, ब्लेडची रुंदी-जाडी-प्रकार लिहून घ्या. डेमोला आपलाच ओंडका टेंपोत घालून न्या, आपल्या रुंदीचा, सुकलेला. 24 इंचांच्या ऐनाला माझ्या मते 15 एचपी म्हणजे किमान, 20 असेल तर बरं.

रिसॉर्टचे 60,000 परत केले. त्या दोन भोकांचे फोटो माझ्याकडे आहेत, मोटरही वखारीत पडून आहे. मशीन घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी या, टेप लावून दाखवतो.