डॅशबोर्ड खोलून बसवला, त्याला सात महिने झाले

एसी गार झाला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून वाटेल पैसे पाण्यात गेले.

गाडी २०१४ची. दोन उन्हाळे गॅस भरला, दोन्ही वेळा महिन्या-दीड महिन्यात गरम हवा. तिसऱ्यांदा गॅरेजवाल्याने गॅसमध्ये डाय, म्हणजे गळती दाखवणारा चमकता रंग, सोडून तपासलं. इंजिनाकडचे पाइप कोरडे, पण एसीचं पाणी ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी हिरवट चमक. म्हणजे कूलिंग कॉइल लीक, आणि ती डॅशबोर्डच्या पोटात.

कॉइल ३,८००, मजुरी ४,५००, गॅस वेगळा. कॉइलपेक्षा मजुरी जास्त कशी, म्हणून मी हुज्जत घातली. दुपारी डोकावलो तर स्टिअरिंग, मीटर, स्टिरिओ सगळं मागच्या सीटवर आणि पुढे नुसता वायरींचा गुंताडा. हुज्जत तिथेच मिटली. गॅरेजच्या पोराने बॅटरीची निगेटिव्ह काढून, दहा मिनिटं थांबून मगच एअरबॅगला हात लावला होता. त्याचे पूर्ण मार्क. जुन्या कॉइलवर कडुलिंबाचा पाला आणि मातीचा ओला थर. आमच्या मॉडेलला आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टरच नाही.

संध्याकाळी गाडी मिळाली, सोबत तीन स्क्रू. ‘दादा, कंपनी जास्तीचेच देते.’

दुसऱ्या दिवसापासून कुरकुर. सकाळी गारव्यात प्रत्येक स्पीडब्रेकरला डावीकडून कर्रर्र. उन्हात प्लास्टिक तापून फुगलं की गप्प. गॅरेजला न्यावी तर दुपार, म्हणजे गाडी एकदम साळसूद. तिसऱ्या फेरीला मी दादाचा काका झालो होतो: ‘काका, मला तर काहीच ऐकू येत नाही.’ बायको म्हणाली, गाणी लाव.

दिवाळीच्या साफसफाईत डाव्या दाराकडचं झाकण उचकटलं. आत स्क्रूचं भोक रिकामं! बसवला, ऐटीत चक्कर मारली. कर्रर्र.

म्हणजे सात महिने मी उगाच स्क्रूंवर डूख धरून होतो. पुढच्या काचेजवळचं, डॅशबोर्ड अडकवायचं एक लॉक तुटलं होतं आणि प्लास्टिक प्लास्टिकवर घासत होतं. खुर्चीच्या पायांना लावतात ती फेल्टची पट्टी, ४० रुपयांची, मध्ये सारली. आवाज बंद. इतकी वर्षं उन्हात भाजलेलं लॉक काढताना तुटणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुटलं म्हणून सांगायला काय जात होतं?

उरलेले दोन स्क्रू सुट्या पैशांच्या खणात ठेवलेत. वळणावर खुळखुळतात.